पिवळ्या कंपनीतले पाच खड्डे

शनिवारी सकाळी नऊ वाजता चौकीतला फोन वाजला. उपनिरीक्षक अनघा ओव्हाळने तो उचलला.

"मॅडम, माजा बाप न्हाईसा झालाय."

"न्हाईसा म्हणजे?"

"सकाळी डबा घेऊन गेले. मी गोळी द्यायची इसरले म्हनून मागून गेले, तर केबिनीत डबा हाय, बाप न्हाई. फोन लावला तर बंद."

बोलणारी सविता होती. बाप केरबा, बेगडेवाडी स्टेशनच्या पलीकडच्या बंद कारखान्याचा वॉचमन. कारखान्याचं नाव कागदोपत्री काहीही असो, पंचक्रोशीत त्याला 'पिवळी कंपनी' म्हणत. तिथं पिवळा रंग तयार व्हायचा. कामगार घरी यायचे ते भुवयांपासून टाचांपर्यंत पिवळे होऊन. अठरा वर्षांपूर्वी कंपनी बंद पडली. अठरा एकर जमीन, गंजकी पत्र्याची शेडं आणि भिंतीबाहेरची चौसष्ट खोल्यांची कंपनी चाळ एवढं मागं उरलं.

एरवी साठीचा वॉचमन दोन तास दिसला नाही म्हणून कुणी पोलिसांना बोलावलं नसतं. पण सोमवारी त्या जमिनीची सुनावणी होती. पुण्याच्या एका बिल्डरला औद्योगिक जमीन निवासी करून तिथं सात इमारती उठवायच्या होत्या. त्यावरून वर्षभर गावात दोन तट पडले होते. चाळीतल्या चौसष्ट कुटुंबांना बिल्डर एकेक पक्कं घर देणार होता, म्हणून चाळ त्याच्या बाजूनं. आणि ज्यांच्या बापजाद्यांनी कारखान्यासाठी जमिनी दिल्या होत्या ते शेतकरी विरोधात.

अनघा पोचली तेव्हा फाटकाशी शंभरेक माणूस जमलं होतं. मधोमध अंबाजी उभा होता, विरोधकांचा म्होरक्या. गुलाबाची दोन पॉलीहाऊस आणि खणखणीत आवाज ही त्याची मालमत्ता.

"बाई, उचललाय केरबाला! बिल्डरच्या माणसांनी उचललाय!"

"आबा, कुणी पाहिलं?"

"पाह्यला कशाला पायजे? आमी जमीन दिली ती पोरांच्या नोकरीसाठी. पुण्यातल्यांच्या फ्ल्याटसाठी न्हाई. केरबाला काय तरी ठावं हुतं. काल माज्या बांधावर आला, उभा ऱ्हायला, आन् न बोलता गेला."

अनघाने ते टिपून घेतलं आणि केबिनमध्ये गेली. टेबलावर डबा, गाठ न सोडलेला. खुंटीवर वॉचमनची निळी टोपी. झटापटीची खूण नाही. कचऱ्याच्या कुंडीत चुरगळलेली तंबाखूची पुडी, तीही जागच्या जागी.

सविता दाराशी उभी होती. सातवा महिना, बाळंतपणाला माहेरी आलेली.

"बाबा गोळ्या कसल्या घेतात?"

"साखरेच्या. सकाळ-सांज, जेवनाबरुबर. एक येळ जेवन चुकवतील, गोळी न्हाई. पाकीट टीव्हीवर असतंय."

"आज घरातून निघाले तेव्हा काही वेगळं?"

सविताने कपाळाला आठी घातली. "पांढरी टोपी खिशात घातली. ती ड्यूटीला कदीच नेत न्हाईत. लगीन-कार्य, न्हाईतर कुटं मानाच्या ठिकानी जायचं आसंल तरच."

निळी टोपी खुंटीवर, पांढरी गायब. उचललेला माणूस टोपी बदलून जात नाही.

*

फाटकाच्या आत बिल्डरचं साइट ऑफिस होतं. समोर लहानशी हिरवळ, कडेनं तांबड्या मातीत लावलेली गुलाबाची नवी रोपं. सत्यम नावाचा तिशीतला मॅनेजर घामाघूम होऊन बसला होता.

"मॅडम, आम्हाला त्याला उचलायची गरजच काय? मातीचा रिपोर्ट गुरुवारी आला. क्लीन आहे. सोमवारी सुनावणी आमच्याच बाजूनं लागणार होती. आता हे लोक रस्ता अडवून बसलेत. नुकसान कुणाचं?"

"रिपोर्ट दाखवा."

रिपोर्ट चार पानांचा. कारखान्याच्या जमिनीत शिसं आणि क्रोमियम असू शकतं म्हणून सुनावणी अधिकाऱ्यांनी माती तपासायला लावली होती. पाच जागा नकाशावर ठरवल्या होत्या. तो नकाशा महिनाभर आधी तिन्ही पक्षांना पाठवलेला: बिल्डर म्हणून सत्यमला, गावातर्फे अंबाजीला, चाळीतर्फे कामगार समितीच्या हौशीरामला. माती काढताना तिघं हजर होते आणि पाचही पिशव्यांच्या सीलवर तिघांच्या सह्या होत्या. प्रयोगशाळेनं सील शाबूत असल्याचं लिहिलं होतं.

अनघाची नजर एका रकान्यावर थांबली. 'रंग व पोत'. खड्डा एक, दोन, चार: काळपट, मुरूममिश्रित, घट्ट. खड्डा तीन आणि पाच: तांबूस, भुसभुशीत, तुसाचे कण.

तिनं तिथूनच प्रयोगशाळेत फोन लावला. माती काढायला आलेला गौरव फोनवर आला.

"खड्डे खणताना काही खटकलं?"

"नाही मॅडम. तीन ठिकाणी पहार लागली, घाम निघाला. तीन नंबर आणि पाच नंबरला मात्र तीन फूट खालपर्यंत फावड्यानंच भागलं. मऊ जमीन होती."

"तुसाचे कण म्हणजे?"

"भाताची टरफलं. भाताचा पट्टा आहे, असायचीच."

शेतात असतील, अनघाच्या मनात आलं. कारखान्याच्या आवारात तीन फूट खाली भात कोण पिकवतो?

*

कंपनी चाळीत हौशीरामची खोली शेवटची. सहासष्ट वर्षांचा, उंच, शांत माणूस. कंपनीत तो पाळीचा सुपरवायझर होता. आता लोणावळ्याजवळ कुसगावला एका बंगल्याची देखभाल करायचा. रोज सकाळच्या लोकलनं लोणावळ्याला जायचा आणि दुपारी परत. चाळीत कुणाचं रेशन कार्ड अडलं, कुणाचं पोर शाळेत घेईनात, की लोक हौशीरामभाऊंकडं यायचे. त्याच्या बायकोनं, अनुसयाकाकूंनी, चहा पुढं केला.

"केरबा तुमचा कोण, भाऊ?"

"कोन म्हनजे? बावीस वर्षं एका पाळीत काम केलंय. त्याच्या सविताचं नाव मी ठेवलंय."

"सकाळी दिसला?"

"न्हाई. मी लोकलनं गेलतो कुसगावला. बारा वाजता आलो तर हे कानावर."

"बंगल्यात कुणी असतं?"

"मालक परदेशात. दिवाळीपातूर कुनी न्हाई."

"केरबाचं कुणाशी वैर?"

हौशीरामनं कप खाली ठेवला. "गरिबाला कसलं वैर, बाई? त्याला फकस्त एक घर पायजे हुतं. आमच्या समद्यांना पायजे हाय."

बाहेर येताना अनघाला तहान लागली. अंगणात हापसा होता, पण त्याला दांडाच नव्हता. सविताने जारमधलं पाणी दिलं.

"हापसा बिघडलाय?"

"भाऊंनी दांडा काढून ठिवलाय, धा वर्षं झाली. पानी मचूळ हाय म्हनले. तवापासून वर्गणी काढून जार आनतो."

तेवढ्यात हवालदार रतन कदम आला. कंपनीची शेडं, विहीर, पाण्याच्या टाक्या, सगळं पालथं घालून झालं होतं. केरबा कुठंच नव्हता.

*

संध्याकाळी सहाला अनघा तळेगावातल्या तिच्या भाड्याच्या खोलीवर गेली. आई, विठाबाई, नुकतीच कामावरून आली होती. मूळ भाजे गावची ही बाई गेली बारा वर्षं अंबाजीच्या पॉलीहाऊसमध्ये गुलाबांची प्रतवारी करत होती. तिच्या हातांवर काट्यांच्या बारीक रेघा कायमच्या उमटलेल्या.

अनघाने रिपोर्टमधला रकाना तिला वाचून दाखवला.

विठाबाई हसली. "आगं, ही तर गुलाबाच्या वाफ्याची माती. तांबडी माती, शेणखत आन् भाताचा तूस. हिकडची काळी जमीन गुलाबाला चालती व्हय? तांबडी बाहेरनं आनावी लागती."

"अंबाजी आबांकडची?"

"दोन महिन्यांमागं आबांनी जुने वाफे मोडले. माती रस्त्याकडंला टाकली, ज्याला पायजे त्यानं न्यावी. शाळंनं नेली. त्या बिल्डरच्या हापिसानं नेली झाडं लावाया. चाळीतल्यांनी नेली टेम्पो भरून."

"चाळीतल्यांनी? कशाला?"

"मला काय ठावं? म्या बोलले बी, तुमच्यात फुलझाड कुटंय? तर टेम्पोवाला म्हनला, भरणी घालायची हाय."

मोठ्या साहेबांना फोनवर हे सांगितलं तेव्हा ते खूष झाले. "सत्यमच्या ऑफिससमोर तीच माती आहे ना? रिपोर्ट चांगला यायला हवा होता तो त्यालाच. वॉचमननं पाहिलं, म्हणून वॉचमन गायब. उद्या सकाळी उचला त्याला."

"साहेब, उद्या दुपारपर्यंत थांबा."

"का?"

"त्यानं पाचातले दोनच खड्डे का बदलले असतील, ते मला कळत नाही."

*

रविवारी सकाळी सातला अनघा पुन्हा सविताच्या दारात होती. सविताचे डोळे सुजलेले.

"मॅडम, येक इचित्र झालंय. बाबांच्या गोळ्यांचं पाकीट न्हाई."

"टीव्हीवर होतं ना?"

"काल सकाळी हुतं. मीच पाह्यलं. सांजच्याला दिवा लावताना बघितलं तर न्हाई."

"काल घरात कोण कोण आलं?"

"अंबाजी आबा आलते, धीर दिऊन गेले. त्यो सत्यम आला, पाच मिन्टं खुर्चीत बसला. हौशीरामभाऊ आलते. शेजारच्या बाया तर यकसारख्या."

"आणखी काही नाहीसं झालंय? पैसे, कागद?"

"काय बी न्हाई."

अनघा तिथंच खाटेवर बसली. एकेक गोष्ट तिनं मनात समोरासमोर ठेवली, आणि पाचच मिनिटांत उठली. आठ मिनिटांनी लोणावळ्याची लोकल होती.

*

बेगडेवाडीला डब्यात फार कुणी नव्हतं. हौशीराम खिडकीशी बसला होता, मांडीवर कापडी पिशवी घेऊन. अनघा साध्या कपड्यांत त्याच्या समोर बसली. हवालदार कदम दाराशी उभा राहिला.

"भाऊ, डबा मोठा दिसतो."

"दिवसभर लागतंय, बाई."

"दुपारी तर परत येता ना?"

 गाडीनं घोरावाडी सोडलं.

"केरबाचं कोडं सुटलंय असं मला वाटतं," अनघा म्हणाली. "चुकलं तर सांगा. कंपनी तुम्हाला जास्त ठाऊक."

"सांगा की."

"आधी मी पिशव्यांचा विचार केला. पण सील शाबूत, सह्या खऱ्या. पिशव्या कुणी बदलल्या नाहीत. जमीनच बदलली. जागा महिनाभर आधी कळल्या होत्या. कुणीतरी तीन आणि पाच नंबरची जागा खणली, खालची माती काढली, अंबाजी आबांच्या पॉलीहाऊसची टाकून दिलेली तांबडी माती भरली आणि वरून काळा थर चोपून बसवला. गौरवनं खणलं तेव्हा तिथं पहार लागली नाही. तीन फुटांवर भाताचा तूस निघाला."

"मंग सत्यमला धरा. त्याच्या दारात तीच माती हाय."

"साहेबही तेच म्हणतात. पण सत्यम पुण्याचा. विष जमिनीत नेमकं कुठं पुरलंय हे त्याला कसं कळणार? त्यानं केलं असतं तर पाचही खड्डे बदलले असते. अंबाजी आबांना तर रिपोर्ट वाईटच यायला हवा होता. आणि तेही कधी कंपनीत नव्हते. ज्यानं दोनच खड्डे बदलले, त्याला बाकीचे तीन स्वच्छ आहेत हे माहीत होतं. म्हणजे विष पुरताना तो तिथं उभा होता. नकाशा मिळालेल्या तिघांत असा एकच माणूस आहे. पाळीचा सुपरवायझर."

गाडी तळेगावला थांबली. दोघी-तिघी बाया चढल्या, पलीकडं बसल्या. गाडी पुन्हा हलली.

"केरबा बी कंपनीतच हुता," हौशीराम हळू म्हणाला.

"होता. आणि वॉचमनच्या नकळत आवारात कुणी तीन-तीन फूट खणू शकत नाही. खणायला तो तुमच्याबरोबर होता. घर त्यालाही हवं होतं. पण मग लेक बाळंतपणाला आली. तीन नंबरच्या जागेवर बिल्डरच्या नकाशात काय आहे, भाऊ?"

हौशीरामनं पिशवीचे बंद बोटाभोवती गुंडाळले.

"मुलांची बाग," अनघाच म्हणाली. "शुक्रवारी केरबा अंबाजी आबांच्या बांधावर गेला. सांगायला गेला होता. जमलं नाही, म्हणून तो तुमच्याकडं आला. सोमवारी खरं बोलणार म्हणाला. बरोबर?"

 वडगाव गेलं.

"शनिवारी तो पांढरी टोपी घेऊन निघाला. धाकानं नाही; मानाच्या ठिकाणी निघाला होता. कुणावर विश्वास ठेवून गेला? ज्यानं त्याच्या मुलीचं नाव ठेवलं त्याच्यावर. पण हे सगळे नुसते अंदाज होते, भाऊ. खात्री आज सकाळी पटली."

"कशानं?"

"गोळ्यांनी. माणूस वैऱ्यानं उचलला असता, तर साखरेच्या गोळ्या न्यायला त्याच्या घरी कुणी आलं नसतं. ज्यानं पाकीट नेलं त्याच्याकडं केरबा जिवंत आहे, आणि त्याला केरबा जगायला हवाय. बंद बंगल्याची किल्ली असलेला तसा एकच मित्र आहे. हा डबा दोघांचा आहे."

कान्हे गेलं, कामशेत गेलं. हौशीरामनं पिशवी मांडीवरून उतरवून शेजारी ठेवली. मळवलीला गाडी थांबली तेव्हा त्यानं तोंड उघडलं.

"सुनावनीचं साहेब कुसगावला उतरलेत, चल सांगू, आसं म्हनलो त्याला. टोपी घालून लेकरागत मागनं आला माज्या. नोकराच्या खोलीत बसवला आन् भाईरनं कडी लावली. फोन काढून घेतला. सोमवारी सांजच्याला सोडनार हुतो, बाई. सविताची शप्पथ."

"नीट आहे ना तो?"

"काल दोनदा भाकरी दिली. सांजच्याला परत जाऊन गोळ्या दिल्या." त्यानं पिशवी उचलली. "त्यो बोलत न्हाई माज्याशी."

*

बंगला गावाच्या टोकाला होता, बांबूच्या कुंपणाआड. हौशीरामनं नोकराच्या खोलीचं दार दाखवलं. कदमनं कडी ओढली.

केरबा जमिनीवर भिंतीला टेकून कलंडला होता. अंग घामानं चिंब, ओठ पांढरे. उजव्या हाताला फडकं गुंडाळलेलं. खिडकीची काच फोडायचा प्रयत्न केला होता, पण बाहेर गज होते. शेजारी कालच्या भाकऱ्या, कागदात तशाच. आणि गोळ्यांचं पाकीट, चार घरं रिकामी.

"केरबाभाऊ! ऐकू येतंय?"

डोळे किलकिले झाले. "लेकीनं सांगितलंय... गोळी चुकवायची न्हाई." जीभ जड झाली होती. "भाकर... त्याची भाकर न्हाई खानार."

अनघाला एका क्षणात कळलं. गोळ्या पोटात आणि अन्न नाही. "साखर! स्वयंपाकघरात साखर बघा!"

साखर आणायला हौशीरामच धावला. डबा उघडताना अर्धी सांडली. अनघाने पाण्यात कालवून चमचा चमचा केरबाच्या ओठांत सोडली. चार चमचे, सहा, दहा. दहाएक मिनिटांनी केरबानं मान सावरली, इकडंतिकडं पाहिलं, आणि दारातल्या हौशीरामवर नजर पडताच ती वळवली.

कदम गाडी बघायला गेला. हौशीराम उंबऱ्यावर खाली बसला.

"माज्या हातनं मेला असता गं."

"मेला असता," अनघा म्हणाली. तिला चीड आवरत नव्हती. "एका घरासाठी, भाऊ?"

"घरासाठी न्हाई, बाई."

"मग?"

"चाळ सोडवाया."

तिला समजलं नाही. तो जमिनीकडं बघत बोलत राहिला.

"तीन आन् पाच नंबर ही नंतरची जागा. त्याच्या आदी गाळ भिंतीभाईर टाकायचो, खोलगटात. पिवळा गाळ, ड्रमच्या ड्रम. ट्रक मी मोजायचो, सही माजी. तीन वर्षांनी त्याच खोलगटात मुरूम टाकून कंपनीनं चाळ बांधली. मी साहेबाला म्हनलो, हितं नगं. साहेब म्हनला, नोकरी पायजे का? मी गप बसलो. मलाबी तितंच खोली मिळाली."

"हापसा..."

"येक दिस पानी पिवळं आलं. त्याच राती दांडा काढला. पर जमिनीत हाय ते कसं काढू? आमच्या लाईनीत किती मानसं किडनीनं गेली, मी मोजलीत. माजा थोरला त्यातच गेला. कुनाला सांगू? सांगितलं तर इचारतील, तीस वर्षं गप का? आन् चौसष्ट घरं जानार कुटं? मंग ह्यो बिल्डर आला. म्हनलं, पक्क्या घरात वर सिमेंट तरी आसंल. बागंवर फरशी टाकून घेतली असती मी. दोन खड्डे वाईट, पर त्या चाळीपरीस बरे."

केरबा हे सगळं ऐकत होता. त्यानं पहिल्यांदाच मित्राकडं सरळ पाहिलं.

"मला हे कदी सांगितलं न्हाईस, हौश्या," तो म्हणाला. "बावीस वर्षं येका ताटात जेवलो आपन."

*

सोमवारी अकरा वाजता ग्रामपंचायतीच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. केरबा दवाखान्यातून थेट आला, हाताला बँडेज बांधून. मागच्या बाकावर दोन पोलिसांच्या मध्ये हौशीराम होता.

केरबानं खड्ड्यांचं सगळं सांगितलं. स्वतःचा वाटा लपवला नाही. सत्यमचा चेहरा उतरला. अंबाजीच्या माणसांनी टाळ्या पिटल्या, कुणी शिट्टी मारली.

केरबा त्यांच्याकडं वळला. "टाळ्या कशाला? त्या मातीवर कारखाना तरी कसा हुबा राहील? तुमची पोरं तितं काम करतील व्हय?"

टाळ्या थांबल्या.

मग अनघाने हौशीरामनं आदल्या दुपारी काढून दिलेला कागद सुनावणी अधिकाऱ्यांपुढं ठेवला. त्यावर दोन नव्हे, सात फुल्या होत्या. पाच भिंतीबाहेर, चाळीखाली. अधिकाऱ्यांनी तो वाचून दाखवला. चाळीतल्या एका बाईनं मांडीवरचं पोर नुसतं उचलून छातीशी धरलं.

जमीन निवासी करायचा प्रस्ताव तिथंच थांबला. सगळ्या जमिनीची खोलवर तपासणी आणि चाळ ताबडतोब रिकामी, असा आदेश निघाला.

"रिकामी करून जायचं कुटं, साहेब?" मागून कुणीतरी विचारलं.

अधिकाऱ्यांनी चष्मा काढून पुसला.  सत्यम कागद गोळा करत होता.

अंबाजी उठला. आज त्याचा आवाज खणखणीत नव्हता. "माजं पॅकिंगचं शेड हाय. दुसरं पॉलीहाऊस मोडलेलंच हाय, त्यात बी पंधरा-वीस घरं मावतील. शाळंच्या खोल्या सरपंचानं द्याव्या. इरोध घरांना हुता आमचा, मानसांना न्हाई."

दुपारी चाळीत ट्रॅक्टर लागले. गाद्या, पिंपं, देव्हारे, सायकली बाहेर येऊ लागल्या. चौसष्ट खोल्यांतली माणसं एकमेकांना हात देत होती. शेवटच्या खोलीकडं मात्र कुणी फिरकलं नाही. अनुसयाकाकू पायरीवर बसून होत्या. एक ट्रंक, एक स्टोव्ह आणि मुलाचा फोटो शेजारी बांधून ठेवलेला. येणारे-जाणारे त्यांच्याकडं न बघता पुढं जात होते.

अनघा पंचनाम्यासाठी आली होती. सविता तिच्याजवळ आली.

"मॅडम, बाबा म्हनत्यात भाऊंची तक्रार नगं. पर मी देनार. माजा बाप मेला असता."

"गुन्हा नोंदवलाच आहे. तुझा जबाब हवाच."

सवितानं कागदावर सही केली, वळणदार, सावकाश. मग पोटावर हात ठेवून ती शेवटच्या खोलीपर्यंत चालत गेली आणि ट्रॅक्टरवाल्यांना हाक मारली.

"आवं, हिकडं या आदी. काकूंची ट्रंक चढवा. त्या आमच्या संगं ऱ्हानार हायत."